नेम कुठे धरायचा?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'वसतिगृहाने मला काय दिले' या विषयावर लिहावे असे सुचवले, तेव्हा प्रथम डोळ्यांसमोर आले ते आपल्या सर्वांच्याच डोळ्यांसमोर येते तेच : पहाटेची वंदना, ओळीने बसून खाल्लेली भाकरी आणि पातळ वरण, परीक्षेच्या दिवसांत एका दिव्याखाली दाटीवाटीने केलेला अभ्यास. या आठवणी माझ्या आधीच्या आणि नंतरच्या विद्यार्थ्यांनी माझ्यापेक्षा चांगल्या रीतीने लिहिल्या आहेत. मी आज लिहिणार आहे ते वाचनालयाशेजारच्या खोलीत गेल्या वर्षी आलेल्या एका टेबलाविषयी. हिरव्या कापडाचे, सहा पॉकेटांचे, ७ फुटी पूल टेबल. पालकसभेला आलेल्या अनेकांनी मला विचारले, "सर, हे इथे कशाला?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मला स्वतःची एक चूक सांगावी लागेल. ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी १९७९ साली पाचवीत या वसतिगृहात दाखल झालो. त्या काळी आमच्या करमणुकीचे साधन म्हणजे एकच कॅरम बोर्ड. त्याची एक कड वाळवीने खाल्लेली, एका पॉकेटची जाळी तुटलेली. सोंगटी आत गेली की थेट जमिनीवर पडायची आणि तिच्यामागे दोघे-तिघे खाटेखाली शिरायचे. बोरिक पावडर संपली की अंगाला लावायची पावडर, तीही संपली की नुसता तळहात फिरवायचा. रविवारी संध्याकाळी अधीक्षक गुरुजी आमच्यात येऊन बसत. माझा नेम वाईट होता. मी सोंगटीकडे रोखून पाही आणि सगळे बळ एकवटून स्ट्रायकर तिच्यावर सोडी. सोंगटी पॉकेटच्या बाजूच्या कडेवर आपटून परत येई. एकदा गुरुजींनी माझा हात धरून थांबवला. म्हणाले, "सोंगटीला मारायची घाई करू नकोस. पॉकेटपासून सोंगटीतून एक रेघ मनात मागे ओढ. त्या रेघेवर सोंगटीला टेकून स्ट्रायकर ठेवला तर तो कुठे बसेल ते बघ. तिथे स्ट्रायकर पाठव. पुढचं सोंगटी बघून घेईल."

त्या वयात यातली भूमिती मला उमगली नाही; हाताला मात्र ती थोडीफार कळली असावी. सातवीत जाईपर्यंत मी राणी घेऊन कव्हर करू लागलो होतो. गुरुजींचे ते वाक्य मी विसरलो. ते पुन्हा ऐकायला मला चाळीसहून अधिक वर्षे लागली आणि ऐकवणारा माझाच विद्यार्थी होता.

इतिहासाचा शिक्षक असल्याने या खेळाच्या पूर्वपीठिकेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. युरोपात हिरवळीवर खेळला जाणारा चेंडूचा खेळ पंधराव्या शतकाच्या सुमारास घरात टेबलावर आला. टेबलावरचे हिरवे कापड हे त्या हिरवळीची खूण मानले जाते. इंग्रजांबरोबर बिलियर्ड्स भारतातल्या छावण्यांमध्ये, क्लबांमध्ये आणि संस्थानिकांच्या वाड्यांमध्ये पोहोचला. स्नूकरचा जन्म तर आपल्याच देशातला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने तो सुरू केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन निराळे. पूल ही याच घराण्याची अमेरिकेत वाढलेली शाखा : एक पांढरा चेंडू, १५ क्रमांकित चेंडू आणि सहा पॉकेटे.

छावणीशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. बाबासाहेबांचा जन्मही महूच्या छावणीतलाच. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांनी छावण्यांमध्ये सैनिक म्हणून, साहेबांच्या बंगल्यांवर चाकर म्हणून दिवस काढले. त्या हिरव्या टेबलाभोवतीची फरशी त्यांच्यातल्या कोणी पुसलीही असेल. हातात छडी घेऊन टेबलाशी उभे राहण्याचा अधिकार मात्र त्यांचा नव्हता. स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू पालटले. १९२२ साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. ही गोष्ट मी पदव्युत्तर शिक्षण घेऊनही पन्नाशीपर्यंत जाणत नव्हतो.

आमच्या तालुक्याच्या गावात पूल आला तो क्लबातून नव्हे, तर शटरच्या दुकानातून. एस.टी. स्टँडच्या मागे दोन टेबले, एक पंखा, सिगारेटचा धूर आणि पैजा. अशा जागेची पालकांना भीती वाटत होती, ती निराधार होती असे मी म्हणणार नाही. काही घरांतला पगार तिथे संपलेला मी पाहिला आहे.

२००६ साली अकरावीतल्या एका मुलाविषयी माझ्या कानावर आले की तो रविवारी त्या दुकानात दिसतो. सांगणारे गृहस्थ प्रतिष्ठित होते. मी त्या मुलाला कार्यालयात बोलावले.

"तिथे जातोस?"

"हो, सर."

"खेळतोस?"

"हो, सर."

मी तिसरा प्रश्न विचारला नाही. त्याच आठवड्यात मी वर्गात ऐतिहासिक साधनांचा पाठ शिकवला होता. ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पुरावा यांतला फरक फळ्यावर दोन रकाने करून समजावला होता. पण त्या दुकानापर्यंतचा वीस मिनिटांचा रस्ता चालून जाऊन पाहावे, असे मला सुचले नाही. शिस्त समितीच्या ठरावाखाली तीन सह्या आहेत, पहिली माझी. त्याचे वडील पत्र्याची पेटी न्यायला आले. शेतमजूर माणूस. माझ्यासमोर हात जोडून एवढेच म्हणाले, "तुमी म्हंता तर खरंच असंल, सर." मी मान हलवली आणि तासाला गेलो.

त्यानंतर सतरा वर्षांनी, २०२३ च्या माजी विद्यार्थी मेळाव्यात तो आला. १७ नंबरचा अर्ज भरून त्याने बारावी केली होती, मग आय.टी.आय.मधून टर्नरचा अभ्यासक्रम, मग कारखान्यात दहा वर्षे. आता औद्योगिक वसाहतीत त्याचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि चार माणसे. मेळाव्यात देणग्या जाहीर होत होत्या. कोणी पंखे दिले, कोणी पुस्तकांचे कपाट. हा उठला आणि म्हणाला, "शहरातलं एक पूल पार्लर बंद झालं. त्यांचं टेबल मी घेतलं आहे. मुलांसाठी देण्याची इच्छा आहे."

सभागृहात कुजबुज झाली. समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्ताची आठवण दिली. संपत्तीच्या नाशाची जी सहा द्वारे तिथे सांगितली आहेत, त्यांत जुगार आहे. मीही विरोधच केला. त्याने वाद घातला नाही. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, एकदा वर्कशॉपवर या. एक चेंडू पॉकेटमध्ये घालून बघा. मग नाही म्हणा." कदाचित सतरा वर्षांपूर्वी न चाललेले अंतर माझ्या मनाला कुठेतरी टोचत असावे. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो.

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत टेबल उभे होते. कापडाची एक कड उचलून त्याने मला खालचा दगड दाखवला. "सर, पाटी आहे ही. आपण पहिलीत ज्यावर लिहीत होतो तोच दगड." खरोखरच, चांगल्या टेबलाचा पृष्ठभाग पाटीच्या दगडाचा असतो, कारण तो सपाट घासता येतो आणि ओलाव्याने लाकडासारखा वाकत नाही. चारही बाजूंना स्पिरिट लेव्हल ठेवून त्याने टेबल सम केले होते.

त्याने मधल्या अंतरावर एक चेंडू ठेवला आणि माझ्या हातात क्यू दिला. मी पांढऱ्या चेंडूने मारले. रंगीत चेंडू पॉकेटपासून वीतभर दूर आपटला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच, आणि दर वेळी एकाच बाजूला.

"सर, तुम्ही कुठे बघताय?"

"चेंडूच्या ज्या जागी लागायला हवे, तिथे."

"तीच चूक आहे. सगळे तीच करतात."

त्याने पॉकेटच्या मध्यापासून रंगीत चेंडूतून बोटाने रेघ मागे ओढली आणि चेंडूच्या पाठीशी, त्या रेघेवर, दुसरा एक चेंडू टेकवून ठेवला. "पांढरा चेंडू धडकेल त्या क्षणी तो नेमका इथे असायला हवा. हा न दिसणारा चेंडू. इंग्रजीत याला घोस्ट बॉल म्हणतात. याचा मध्य बघा आणि पांढऱ्याचा मध्य तिथे पाठवा." मग त्याने तो चेंडू उचलून घेतला. उरली ती रिकामी जागा.

कारण त्याने कागदावर काढून दाखवले. पुलाच्या चेंडूचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर. दोन चेंडू एकमेकांना टेकतात तेव्हा त्यांच्या मध्यांतले अंतर एक पूर्ण व्यास असते. स्पर्शबिंदू या अंतराच्या अर्ध्यावर येतो. मी पांढऱ्याचा मध्य स्पर्शबिंदूकडे पाठवत होतो. पण चेंडू म्हणजे बिंदू नव्हे, त्याला जाडी आहे. त्याची कड आधीच, दुसऱ्याच ठिकाणी लागत होती आणि घाव हवा त्यापेक्षा भरीव पडत होता. म्हणून दर वेळी चूक एकाच बाजूला. मी ऐकता ऐकता थांबलो. खाटेखाली सोंगट्या शोधणारी मुले आणि गुरुजींचा हात मला आठवला. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो एवढाच काय तो फरक. रेघ तीच, रिकामी जागा तीच.

पुढे त्याने ठोकताळे शिकवले. पांढऱ्या चेंडूचा मध्य रंगीत चेंडूच्या बरोबर कडेकडे रोखला तर समोरून पाहता अर्धा चेंडू झाकला जातो आणि रंगीत चेंडू ३० अंशांनी वळून जातो. पाऊण चेंडू झाकला तर साधारण साडेचौदा अंश, पावच झाकला तर सुमारे ४९ अंश. हे तीन कोन डोळ्यांत बसले की मधले अंदाजाने येतात. कट जितका पातळ, तितकी नेमातली बारीकशी चूकही मोठी होऊन पॉकेटपाशी पोहोचते. म्हणून शक्य तिथे पातळ कट टाळावा. आणखी एक बारकावा : धडकेच्या क्षणी दोन चेंडूंच्या घर्षणाने रंगीत चेंडू पांढऱ्याच्या दिशेने किंचित ओढला जातो. हळू मारलेल्या फटक्यात आणि मळलेल्या चेंडूंत हे अधिक होते. त्यासाठी नेम केसभर पातळ धरायचा. कॅरममध्ये आपण पावडर टाकून घर्षण कमी करतो. इथे क्यूच्या टोकाला चॉक लावून वाढवतो, नाहीतर टोक चेंडूवरून निसटते.

"नेम उभ्यानेच धरायचा, सर," तो म्हणाला. "मागे उभे राहा, रेघ बघा, पाय त्या रेघेवर ठेवा आणि मगच वाका. वाकल्यावर रेघ चुकली असं वाटलं तर तिथल्या तिथे हात हलवून दुरुस्त करू नका. उठा आणि पुन्हा बघा." हनुवटी क्यूवर, क्यू ज्या डोळ्याला सरळ दिसतो त्या डोळ्याखाली; पुढचा हात टेबलावर स्थिर; मागच्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची रेघ फटक्याच्या वेळी उभी. दोन-तीनदा क्यू हळू मागेपुढे, एक क्षण थांबणे, शेवटची नजर लक्ष्यावर, आणि फटक्यानंतर क्यू पुढे जाऊ द्यायचा. चेंडू गेला का हे बघायला मान वर केली की नेम बिघडतो. बाजूची फिरकी देण्याचा मोह त्याने मला सक्तीने टाळायला लावला, कारण मध्याच्या डावी-उजवीकडे मारल्यास पांढरा चेंडूच रेघ सोडून किंचित उलट बाजूला निघतो.

सरावासाठी त्याने एक साधी युक्ती केली होती. फाईलमधल्या भोकांना चिकटवायच्या कागदी चकत्या असतात ना, त्यांतली एक रंगीत चेंडूखाली आणि एक न दिसणाऱ्या चेंडूच्या जागी लावायची. तोच फटका पन्नास वेळा मारायचा. मग दुसरी चकती काढून टाकायची. जागा डोळ्यांना दिसू लागेपर्यंत.

संध्याकाळपर्यंत माझे दहापैकी चार चेंडू आत जाऊ लागले. तेव्हा त्याने पुढचा धडा दिला. "आता पांढरा कुठे जातो ते बघा. रंगीत आत गेला म्हणजे काम संपलं नाही." पांढरा चेंडू फिरकीशिवाय घसरत येऊन धडकला तर तो रंगीत चेंडूच्या वाटेशी काटकोनात निघतो, नैसर्गिकपणे लोळत आलेला असेल, तर पाव ते पाऊण चेंडूच्या फटक्यांत आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंशांनी वळतो. हाताची पहिली दोन बोटे सहज फाकवली की जवळपास तेवढाच कोन होतो, त्यानेच मोजायचे. एक चेंडू घालताना पुढच्या चेंडूची सोय लागली पाहिजे, हे खरे कौशल्य.

रात्री जेवताना मी त्याला तिसरा प्रश्न विचारला. "त्या दुकानात तू कशासाठी जात होतास?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "टेबलं पुसायला आणि चेंडू लावायला, सर. रविवारी चार तासांचे तीस रुपये मिळायचे. वह्या आणि गावी जायचं भाडं त्यातून निघायचं. गिऱ्हाईक नसलं की मालक खेळू द्यायचा. पैज कधी लावली नाही, लावायला पैसे कुठे होते? पण कामासाठीच जात होतो असं म्हटलं तर खोटं होईल. खेळ आवडायचा. दोन्ही खरं आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, सर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, आणि त्याच्या पत्नीने ताटात भाकरी वाढली. त्याचे वडील चार वर्षांपूर्वी वारले आहेत. त्यांची क्षमा मागायची राहून गेली ती राहूनच गेली.

परत आल्यावर मी समितीपुढे तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, २००६ च्या ठरावात चौकशी झाली नव्हती ही नोंद तारखेसह त्याच नोंदवहीत व्हावी. जुना ठराव खोडू नये. इतिहासात खोडत नाहीत, पुढे लिहितात. दुसरी, टेबल स्वीकारावे. पैजेला सक्त बंदी असावी, आणि अभ्यासाची वेळ संपल्यावरच ते उघडावे. सुत्तातला निषेध जुगाराचा आहे हे त्या ज्येष्ठ सदस्यांनीच मान्य केले आणि पहिला फटकाही त्यांनीच मारला. तिसरी, इथून पुढे कोणत्याही मुलामुलीला वसतिगृहातून काढण्यापूर्वी दोन शिक्षकांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे आणि त्या मुलाचे म्हणणे त्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. ही तिसरी सूचना मंजूर व्हायला सर्वांत जास्त वेळ लागला.

आज आठवी-नववीच्या मुलांना गणिताचे आमचे सहकारी याच टेबलावर कोन शिकवतात. मुलींची वेळ मंगळवार आणि शुक्रवारी असते. दहावीतल्या एका मुलीचा नेम माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. ती वाकण्यापूर्वी बराच वेळ मागे उभी राहते. तिच्या मागून येणारी मुले कंटाळतात, पण मी तिला घाई करू देत नाही.

पालकहो, 'हे इथे कशाला?' या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्याविषयी कधी चौकशीविना निर्णय झाला असेल, त्यांनी कळवावे. नोंदवहीत पाने शिल्लक आहेत, आणि मी निवृत्त व्हायला अजून थोडी वर्षे आहेत.